फोनला ऐकायची गरजच काय?

"काल आम्ही नुसतं बोललो हो, आणि आज लगेच जाहिरात!" ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. विषय वॉटर प्युरिफायरचा असो, गुडघ्याच्या पट्ट्याचा असो की लग्नाच्या हॉलचा. बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी फेसबुक उघडलं की तीच गोष्ट पुढ्यात. मग निष्कर्ष ठरलेला: फोन चोरून ऐकतो.

हा संशय तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अँड्रॉइडची १७,२६० ॲप घेतली आणि ती गुपचूप काय काय बाहेर पाठवतात ते पाहिलं. माइक परस्पर चालू करून आवाज पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच. काही ॲप वापरणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्रीकरण करून ते भलत्याच कंपनीकडे धाडत होती आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

याचा अर्थ माइकच्या बाबतीत सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असा नाही. 'हे सिरी' न म्हणताच सिरी, म्हणजे आयफोनमधली आवाजावर चालणारी मदतनीस, जागी होते आणि खासगी बोलणं टिपते, असा दावा करून अमेरिकेत ॲपलवर खटला भरला गेला. ॲपलने आरोप नाकारले, पण २०२५ च्या सुरुवातीला साडेनऊ कोटी डॉलर मोजायचं कबूल करून तडजोड केली. तरीही 'बोललो आणि जाहिरात आली' याचं उत्तर माइकमध्ये शोधत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं आहे.

जरा धंद्याच्या बाजूने विचार करा. कोट्यवधी लोकांचं दिवसभराचं बोलणं रेकॉर्ड करायचं, तेही मिक्सरच्या घरघरीत आणि टीव्हीवरच्या मालिकेच्या कलकलाटात. अर्धं मराठी, थोडं हिंदी, मधेच इंग्रजी. ते सगळं उतरवून घेऊन त्यातलं कामाचं तेवढं वेचायचं. फोनची बॅटरी बसणार, नेटचा डेटा संपणार, कंपनीचा खर्च वेगळाच. आणि एवढं करून माणूस बोलतो त्यातलं खरं किती? 'यंदा गाडी घ्यायचीच' हे वाक्य आपल्याकडे पाच-पाच वर्षं चालतं. याउलट जो माणूस रात्री अकराला तिसऱ्यांदा गाडीच्या कर्जाचा हप्ता काढून बघतोय, तो खरा गिऱ्हाईक. ही माहिती कंपन्यांना आयती मिळते, तक्त्यात मांडून, तारीख-वेळेसकट. मग ऐकायचा खटाटोप करायचा कशाला?

मावशीचा गुडघा

समजा, नाशिकची मावशी पुण्याला भाचीकडे चार दिवस राहायला आली आहे. रात्री जेवताना गुडघेदुखीचा विषय निघाला. मावशीने फोनवर काहीही शोधलेलं नाही. तरी सकाळी तिच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हजर. कुठून आली?

वाटा पुष्कळ आहेत. मावशीचा फोन भाचीच्या वायफायला जोडलेला आहे. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला दोघींचे फोन एकाच आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, बोलताना दिसतात. मावशी झोपल्यावर भाचीने 'गुडघेदुखीसाठी व्यायाम' असं टाकून शोधलं, दोन वेबसाइट उघडल्या, एका पट्ट्याची किंमत पाहिली. एका छपराखाली रात्र काढणारे फोन एकाच घरातले धरायचे, ही जाहिरातवाल्यांची जुनी रीत आहे. भाचीने दाखवलेला रस मावशीच्या खात्यावरही चढतो.

दुसरी वाट आणखी सरळ. पंधरा दिवसांपूर्वी नाशिकमध्ये मावशी हाडांच्या डॉक्टरांकडे दीड तास बसून होती. फोन पर्समध्ये होता आणि त्यातल्या कुठल्याशा ॲपला लोकेशनची परवानगी होती. हवामानाचं असेल, रिक्षा बोलावण्याचं असेल, नाहीतर तीन वर्षांपूर्वी मुलाने टाकून दिलेला एखादा खेळ असेल. तिसरी वाट म्हणजे तिने फेसबुकवर स्वतःच भरलेली जन्मतारीख. अठ्ठावन्न वर्षांची बाई, राहणार नाशिक, एवढं कळलं तरी पट्टा विकणाऱ्याला पुरेसं आहे. तिच्या वयाच्या हजारो बायकांना तीच जाहिरात गेली असेल आणि त्यातल्या निम्म्या जणी आदल्या दिवशी गुडघ्याविषयी बोलल्या असतील.

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. दिवसाकाठी आपल्या डोळ्यांखालून ढीगभर जाहिराती जातात. ज्या विषयावर आपण बोललो ती तेवढी लक्षात राहते. कदाचित पट्टा आठवडाभर आधीपासून दिसत असेल. नजरेत भरला तो बोलणं झाल्यावर.

प्रत्येक जाहिरातीमागे या सगळ्या वाटा असतातच असं नाही. पण यातली एकही वाट काल्पनिक नाही.

नाव नको, नंबर पुरे

प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनला जाहिरातीसाठी एक ओळखक्रमांक दिलेला असतो. अंक-अक्षरांची लांबलचक माळ. मोबाइल नंबरशी तिचा संबंध नाही, नावाशी नाही. काम एकच: पंचांगाचं ॲप वापरणारा, पत्त्यांचा खेळ खेळणारा आणि बातम्या वाचणारा हा एकच माणूस आहे, हे वेगवेगळ्या कंपन्यांना कळावं.

पंचांगाचं ॲप बनवणारा माणूस बहुधा सज्जनच असतो. तो तिथी-नक्षत्रांचा हिशेब स्वतः लिहितो, पण जाहिराती दाखवायला, ॲप कुठे अडकतं ते कळायला, किती लोक रोज उघडतात ते मोजायला इतर कंपन्यांचे तयार कोडचे तुकडे आपल्या ॲपमध्ये जोडतो. ते फुकट मिळतात. तुम्ही आजची तिथी बघायला ॲप उघडता, तेव्हा हे तुकडेही जागे होतात आणि आपापल्या मालकाला कळवतात: हा ओळखक्रमांक, फोनचं मॉडेल, भाषा, आयपी ॲड्रेस, वेळ, आणि परवानगी असेल तर अक्षांश-रेखांश.

"पण आम्ही नाव घेत नाही," असं कंपन्या ठामपणे सांगतात. खरंच घेत नसतील. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांतल्या जागा तपासल्या गेल्या. नावं काढून टाकलेली होती. तरी माणूस कुठे आणि केव्हा होता याचे फक्त चार ठिपके हाती असले, की ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता आले. आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. रात्री दोनला फोन असतो ते तुमचं घर, सकाळी अकराला असतो ते ऑफिस. त्या घरातून त्या ऑफिसात रोज जाणारा दुसरा कोण असणार?

आता ही माहिती जाते कुठे? तुम्ही एखादी बातमी उघडता आणि पान दिसायच्या आत, सेकंदाच्या काही अंशात, त्या पानावरच्या मोकळ्या चौकटीचा लिलाव होतो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिला असेल तर हा प्रकार चटकन समजेल. माल एकच व्यापारी घेतो, पण बोलीला उभे असलेले सगळेच तो हातात घेऊन, दाबून, सालं उलगडून पाहतात. इथेही तसंच. चौकट एका जाहिरातदाराला मिळते, पण बोली लावण्यासाठी तुमची माहिती लिलावातल्या सगळ्यांकडे गेलेली असते, आणि हरलेल्यांनी ती पुसली का हे बघायला कुणी जात नाही. आयरिश कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सरासरी माणसाची माहिती अशी दिवसाला ७४७ वेळा लिलावात फिरते.

'कंपन्या आपला डेटा विकतात' हे वाक्य इथे जरा सुधारून घ्यायला हवं. गूगल आणि मेटा (फेसबुक-व्हॉट्सॲपची मालक कंपनी) तुमची फाइल उचलून कुणाला विकत नाहीत; ती तर त्यांची पुंजी. त्या विकतात ती तुमच्यापर्यंत पोचण्याची संधी. 'पुण्यातल्या, तिशीतल्या, नुकतंच बाळ झालेल्या' लोकांना दाखवा, असं जाहिरातदार सांगतो, आणि यादी न देताच ते काम होतं. मेटाचं २०२४ चं उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर होतं आणि त्यातल्या दर शंभर डॉलरमागे साडेसत्त्याण्णव जाहिरातींचे. प्रत्यक्ष माहितीच विकणारे दलाल वेगळे. त्यांची नावं आपण कधी ऐकलेली नसतात, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटते.

दुकानं चुगली करतात

फेसबुकला तुमच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंच फेसबुकवर घडलेलंच नसतं. वेबसाइटवर 'पिक्सल' नावाचा डोळ्यांना न दिसणारा कोड बसवलेला असतो. तुम्ही तिथे काय पाहिलंत, काय टोपलीत टाकलंत, काय घेतलंत ते तो मेटाला कळवतो. दुकानाचा हेतू साधा असतो: जो बघून गेला त्याला पुन्हा जाहिरात दाखवता यावी. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी संस्थेने ७०९ स्वयंसेवकांच्या फेसबुक नोंदी तपासून जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. या ७०९ जणांविषयी फेसबुकला माहिती पाठवणाऱ्या कंपन्या निघाल्या १,८६,८९२. सरासरी काढली तर एका माणसामागे २,२३०.

ही यादी आपली आपल्याला पाहता येते. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' आणि त्यात 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. मी माझी उघडली तेव्हा त्यात औषधं घरपोच देणारं एक ॲप होतं, साड्यांचं एक दुकान होतं, विम्याचे दर तुलना करून दाखवणारी एक वेबसाइट होती, आणि ज्याचं नावही ओळखीचं वाटेना असा एक खेळ. प्रत्येकापुढे तारीख आणि कृतीचा प्रकार: ॲप उघडलं, शोध घेतला, टोपलीत टाकलं, खरेदी केली. औषधाचं नाव तिथे दिसत नव्हतं. पण कुठल्या दिवशी औषधं मागवली हे फेसबुकला कळायचं कारण काय, याचं समाधानकारक उत्तर मला सुचत नाही.

यापेक्षा नाजूक गोष्टीही जातात. 'फ्लो' हे मासिक पाळीची नोंद ठेवणारं, जगभर वापरलं जाणारं ॲप. माहिती खासगी ठेवू असं आश्वासन देऊन त्याने ती फेसबुक, गूगल वगैरेंच्या जाहिरात आणि विश्लेषण विभागांना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" हे वाक्य या टप्प्यावर हमखास येतं. प्रश्न लपवण्याचा नाहीच. जनरल मोटर्सच्या गाड्या चालवणाऱ्यांनीही काही लपवलं नव्हतं. गाडी कुठे आहे, ब्रेक किती जोरात दाबला, रात्री उशिरा चालवली का, याच्या नोंदी कंपनी गोळा करत होती, काही वेळा दर तीन सेकंदांनी एक. त्या नोंदी माहितीच्या दलालांकडे गेल्या, तिथून विमा कंपन्यांकडे, आणि काहींचा हप्ता वाढला. आपल्याकडचं उदाहरण कर्ज देणाऱ्या ॲपचं. पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी ॲप टाकलं, काँटॅक्ट्सची परवानगी दिली, हप्ता चुकला, की वसुलीवाले थेट सासऱ्यांना, साहेबांना, शेजाऱ्यांना फोन करायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत अशा ॲपना काँटॅक्ट्स, कॉलच्या नोंदी आणि फोटो-फाइल यांना हात लावायला मनाई केली. ती करावी लागली, यावरूनच काय चाललं होतं ते समजतं.

काँटॅक्ट्सची गंमत अशी की तिथे आपल्या सावधपणाला काही किंमत नाही. तुमचा नंबर आणि त्यापुढे लिहिलेलं 'जोशी प्लंबर' किंवा 'मेघना ऑफिस' हे इतरांच्या फोनमधून जातं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधे कुणाला वाचता येत नाही, हे खरं. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलतं, कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे, ही पाकिटावरची माहिती कुलपाबाहेर राहते. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण 'मान्य करा नाहीतर चालते व्हा' अशा थाटात लादलं, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

कायदा आहे, पण

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडलं, आणि नियम यायला नोव्हेंबर २०२५. त्यातल्या मुख्य तरतुदी नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत.

कायद्यात चांगलं बरंच आहे. संमती स्पष्ट भाषेत मागायची, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, ती वाचायची सोय द्यायची. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. कंपनीकडे आपली काय माहिती आहे ते विचारता येईल, पुसायला सांगता येईल. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी. दंड २५० कोटींपर्यंत.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दंडाचे पैसे जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला नुकसानभरपाई मागायची जी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे, तीच हा कायदा काढून टाकतो. खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्यासाठी दार सताड उघडं. माहिती अधिकारवाल्यांचा राग तर वेगळाच आहे, कारण 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळणं या कायद्यामुळे सोपं झालं.

आज काय करता येईल

अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधा आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. तो ओळखक्रमांक गेला की वेगवेगळ्या ॲपना तुमची सांगड घालणं बरंच अवघड होतं. आयफोनमध्ये 'ट्रॅकिंग' या सदरात 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करा. याचा परिणाम किती होतो? ॲपलने एप्रिल २०२१ पासून माग काढण्याआधी विचारणं सक्तीचं केलं, तेव्हा २०२२ या एका वर्षात सुमारे एक हजार कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज खुद्द मेटाने सांगितला होता.

मग लोकेशन. एकेक ॲप बघत जा. नकाशा आणि रिक्षा यांना 'वापरताना' एवढीच परवानगी ठेवा, बाकीच्यांची काढा. हवामानाला तुमचं शहर कळलं तरी पुरतं, बिल्डिंग कशाला? गूगलच्या खात्यात मात्र 'लोकेशन हिस्ट्री' (आताचं नाव 'टाइमलाइन') बंद केली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती बंद असतानाही 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाच्या दुसऱ्या कप्प्यात जागा नोंदल्या जातात, हे असोसिएटेड प्रेसने २०१८ मध्ये उघड केलं आणि त्यावरून गूगलला २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तो कप्पाही बंद करा, किंवा निदान तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असा लावून ठेवा.

ब्राउझरमधल्या 'इन्कॉग्निटो' या खासगी खिडकीवर फार विसंबू नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमचा शोध दिसत नाही एवढाच त्याचा उपयोग. वेबसाइटला तुम्ही काय करता ते दिसतंच, आणि नेटवाल्या कंपनीला कुठली वेबसाइट उघडली तेही. वर्षभर न उघडलेली ॲप काढून टाका, सगळ्यात जास्त फायदा बहुधा यातच आहे.

आणि दुकानातला मोबाइल नंबर. कपड्यांचं दुकान असो की मॉल, बिल करताना "नंबर सांगा ना" असं इतक्या सहज विचारतात की तोंडातून नंबर बाहेर पडूनही जातो. एकच नंबर औषधांच्या, किराण्याच्या, कपड्यांच्या बिलावर आणि फेसबुकच्या खात्यालाही जोडलेला असला, की ते सगळं एकत्र गुंफायला आणखी काही लागत नाही. फोनचा जाहिरात क्रमांक पुसता येतो, हा दहा आकडी नंबर आपण वर्षानुवर्षं बदलत नाही. बिलासाठी ग्राहकाच्या नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. 'नको, तसंच बिल करा' म्हणून बघा. काउंटरवरची मुलगी फार तर एकदा वर बघते, दहा वेळा नऊ दाबते आणि बिल हातात देते.